शनिवारची आत्या

"मग 'जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू' दाब ना," ल्यूक म्हणाला. "लगेच मिळते रजा. ॲप एक प्रश्न विचारत नाही."

वैजयंतीने मोबाइल लांब धरला, जणू त्याला वास येत होता.

"अरे, बारसं आहे! बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी कुणाला मारू?"

"कुणालाही. एखादी म्हातारी आत्या?"

"आत्या मीच आहे."

ल्यूक मॅनेजर होता. म्हणजे ॲपने ठरवलेलं तोंड पाडून सांगायचं काम त्याच्याकडे होतं. मुलगा वाईट नव्हता. लीड्सच्या त्या अवाढव्य सुपरमार्केटात कोण कधी उभं राहणार हे ॲप ठरवी, आणि पावाच्या काउंटरवर शनिवारी वैजयंतीच हवी, असं त्याचं मत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण कुणाला इतक्या हव्या असू, असं तिला वाटलं नव्हतं. रजेच्या कारणांत मृत्यू होता, आजार होता, कोर्ट होतं, घरात पाणी शिरणंही होतं. आनंदाचं मात्र काही नव्हतं. हेड ऑफिसात तो कुणाला झाला नसावा.

संध्याकाळी ग्लासगोहून धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन आला. लोकांनी विचारायचंही सोडून दिल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला, अनुयाला मुलगी झाली होती.

"ताई, येतेयस ना गं? नाहीतर अनुयाची मैत्रीण ठेवेल म्हणते नाव."

"ठेवू दे की," वैजयंती म्हणाली. फोन ठेवून तिने धुतलेला ओटा पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी मासळीच्या काउंटरवरच्या मॉरीनला हे कळलं.

"शनिवारी मला सुट्टी आहे, लव्ह. मी उभी राहते तुझ्या जागी."

"ॲप घेणार नाही," ल्यूक म्हणाला. "तुझं पावाचं ट्रेनिंग नाही झालेलं."

मॉरीनने आजवर एकही ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण केलं नव्हतं. ते तिचं व्रतच होतं. तरी त्या दुपारी ती जेवण बाजूला सारून, चष्मा नाकावर ओढून स्टाफरूममध्ये बसली.

"सुरी धारदार असते म्हणे," ती वैजयंतीला म्हणाली. "बरं झालं सांगितलं."

शेवटच्या परीक्षेत ती नापास झाली. ग्राहक हसला नाही तर काय कराल, या प्रश्नाला तिने 'मीही हसणार नाही' हे उत्तर निवडलं होतं. दुसऱ्या खेपेला तिने कंपनीला हवं ते निवडलं.

"तुला खोटं बोलवेना, म्हणून मी बोलले," ती म्हणाली. "आता जा बाई."

शनिवारी ग्लासगोतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये वैजयंती पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून तिने सान्वी हे नाव सांगितलं, आणि मागून बायकांचे बुक्के पाठीत बसले. एक जरा जास्तच जोरात होता. तिला तोही चालला.

रविवारी सकाळी ती कामावर आली. कालचे पाव पिवळी लेबलं लावून स्वस्तात काढले होते. त्यांतला एक कुणी घेत नव्हतं. त्याची एक स्लाइस बोटभर जाड, दुसरी आरपार दिसेल अशी. पाव नाही, रावस कापावा तसा तिरका कापलेला.

वैजयंतीने तो उचलला आणि गिऱ्हाइकासारखी रांगेत जाऊन उभी राहिली.