सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी

आमची एक जुनी पिकअप आहे आणि तिला दोन मालक आहेत. दुपारी बारापर्यंत माझे बाबा, बारानंतर माझा काका. बाबा म्हणजे शिवदास, काका म्हणजे दशरथ. सख्खे भाऊ. आरे कॉलनीच्या तोंडाशी आमची बैठी चाळ आहे, तिच्यात दोघांच्या खोल्या समोरासमोर. बाबा सकाळी गोरेगावला एका शूटिंगच्या सेटवर खुर्च्या पोचवतात. काका संध्याकाळी त्याच खुर्च्या परत आणतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. गावच्या गणपतीत आरतीचं ताट कोणी धरायचं यावरून वाजलं होतं. आरती संपली, गणपती गेला, ताटही भंगारात गेलं. भांडण तेवढं शाबूत आहे.

जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. दोघंही मला ‘विकी, त्याला सांग’ एवढ्याचसाठी हाक मारतात. दोघांमध्ये अंतर चार हात, ऐकू सगळं जातं, तरी मी सांगायचं.

यंदाच्या पावसात गाडीने नवीन खेळ सुरू केला. पाऊस पडला की सकाळी चावी फिरवली तरी नुसतं ‘टक्’. सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, फिरायचाच नाही. बाबा धक्का मारायला माणसं गोळा करायचे, गाडी उतारावर ढकलून चालू करायचे आणि सेटवर उशिरा पोचायचे. आणि संध्याकाळी काका चावी लावायचा तर गाडी एका सेल्फात चालू. रोज. वर काका हॉर्न वाजवून निघायचा, म्हणजे बाबांना कळावं.

“हा रात्री काहीतरी करतो,” बाबा म्हणाले. “वायर काढून ठेवतो.”

पहिला संशय बॅटरीवर. बाबांनी नवीन बॅटरी टाकली आणि काका ती बदलेल म्हणून तिच्यावर ऑइलपेंटने ‘शिवदास’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली ‘आणि दशरथ’ लिहिलेलं होतं. अक्षर काकाचं, रंगही बाबांच्याच डब्यातला. गाडी तरीही ‘टक्’.

मग बाबांनी बॉनेटला पांढरा दोरा बांधला. कोणी बॉनेट उघडलं तर तुटेल असा. सकाळी दोरा जसाच्या तसा होता आणि गाडी बंद. माणसाला वाटेल, चला, काका निर्दोष. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “म्हणजे खालून जातो.”

त्याच दिवशी सेटवरच्या निलेशचा फोन आला. हा प्रॉडक्शनचा माणूस, खुर्च्यांची ऑर्डर त्याच्या हातात. “शिवदास, काल हिरोची आई पाऊण तास उभी होती. सिनेमातली आई नाय रे, खरी आई. उद्या सातला खुर्च्या नसतील तर येऊच नको. भावालापण सांग, संध्याकाळी न्यायला काय नसणार.”

ही ऑर्डर गेली तर काय होणार ते मला लख्ख दिसलं. दोन भाऊ दिवसभर घरी, समोरासमोरच्या दारात, आणि मध्ये मी. मी नोकरी शोधतोय, पण इतक्या घाईने मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धो धो पाऊस. बाबांनी चावी फिरवली. टक्.

काका दारात चहाचा कप घेऊन उभा. रागात दोघंही मालवणीवर येतात. “विकी, तुझ्या बापाशीक सांग, सकाळची गाडी तेची. धक्को पण तेचोच.”

“तेका सांग,” बाबा कडाडले, “रातचो खाली सरपटतंस ता मी पोलिसात सांगतंय!”

“सांग म्हणावं. म्हणावं, भाऊ पालीसारखो चिकटता गाडीक.”

“बाबा, हेडलाइट लावा आणि चावी फिरवा,” मी म्हणालो.

दिवा मंदावला असता तर बॅटरीचा दोष. दिवा तसाच ठणठणीत राहिला आणि आतून फक्त टक् आलं. म्हणजे बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही. सेल्फ खाली, इंजिनाच्या कुशीत. बाबांचं एक म्हणणं बरोबर होतं. दोष खालूनच होता.

मी रेनकोट घालून खाली सरपटलो. काका लगेच म्हणाला, “बघ, पोरग्याकपण तीच सवय.”

सेल्फ दिसलाच नाही. तिथे एक निळं गाठोडं होतं. ताडपत्री, वरून सायकलची ट्यूब आवळून बांधलेली. मी ट्यूब सोडली आणि तोंडावर पाण्याचा लोट आला. पाण्याबरोबर एक बेडकाचं पिल्लू. ते माझ्या छातीवर बसलं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेलं. त्याचा मोठा संसार मोडला होता.

ताडपत्रीच्या आत दुधाची पिशवी होती.

दोन्ही वस्तू मी बाहेर धरल्या. “ह्या कोणाच्या?”

“पिशवी माझी,” बाबा म्हणाले. जराही न लाजता. आमच्या घरात रिमोट प्लॅस्टिकमध्ये आहे, फ्रिजचं हँडल टॉवेलात आहे, सेल्फ कसा सुटेल? “पावसाच्या आधीच बांधली. वरून उघडी, खालून उघडी. पाणी आलं की गळून जाईल.”

“दुधाची पिशवी!” काका चहा विसरून पावसात आला. “गाडीक कोण दुधाची पिशवी बांधता? मी बघितलं आणि वरून नीट ताडपत्री बांधली. खालून घट्ट.”

“खालून घट्ट? अरे, मग पाणी जाणार कुठे?”

“तू वरून उघडी ठेवलीस म्हणून आलं ना आत!”

दोघं एकमेकांशी थेट बोलत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही. वरून उघडी, खालून बंद. आरतीच्या ताटानंतर या दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे ही बादली. रात्रभर सेल्फ तिच्यात बुडायचा, त्याची जाड वायर हिरवी पडत गेली. सकाळी धक्क्याने गाडी चालू झाली की इंजिनाच्या गरमीने पाणी आटून जायचं, म्हणून संध्याकाळी काकाला गाडी तयार मिळायची.

मी बॅटरीची काळी वायर सुटी केली, सेल्फचं नट खोललं. “पॉलिश पेपर!”

काकाने आणून दिला, पण हातातून सोडेना. “तुझ्या बापाशीक सांग, पेपर माझो हा. संध्याकाळी परत.”

वायरीचं टोक घासून पिवळं केलं, पुसलं, नट आवळलं, काळी वायर लावली. बाबांनी चावी फिरवली. गाडी अशी चालू झाली की बाबा दचकले.

“बंद करू नको!” काका ओरडला. “पुन्हा नाय लागली तर?” आणि तो सरळ केबिनमध्ये जाऊन बसला. “बारापर्यंत तुझी, पण मी पॅसेंजर. पॅसेंजरला वेळेचं बंधन नसतं.” बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. गाडी काढली. मागे खुर्च्यांच्या ढिगात मी बसलो. केबिनच्या मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती, दोन्ही विरुद्ध दिशांना.

सातच्या आत पोचलो. निलेशने घड्याळ बघितलं आणि ऑर्डर राहिली. हिरोची आई बसली.

गाडी दुरुस्त झाल्याचा दोघांना एकच अर्थ लागला: दोष दुसऱ्याच्या प्लॅस्टिकचा होता. पुढच्या पावसाला मी गाडीखाली वाकून बघितलं तर सेल्फवर नवीन पिशवी. या वेळी पारदर्शक, म्हणजे कोणी हात लावला तर दिसावं. मी ती काढून टाकली. दोन दिवसांनी ताडपत्री. तीही काढली. बाबांना खात्री आहे की काका काढतो. काकाला खात्री आहे की बाबा काढतात. मला दिवसाला चार निरोप पोचवावे लागतात, त्यातले दोन शिव्यांचे.

गाडी मात्र एका सेल्फात लागते.