गेटवरची फुंकर

"उद्यापासून गेटवर मशीन येणार हाय," सुपरवायझर सुनीलने चहाच्या सुट्टीत सांगितलं. "आत शिरायच्या आधी जो तो नळीत फुंकर मारणार. पिलेला निघाला तर त्या दिवशी घरी, वर वॉर्निंग. तिसऱ्यांदा निघाला तर कायमचा घरी."

सगळ्यांनी शेखरकडे पाहिलं. कोणीतरी म्हणालं, याच्या फुंकरीने मशीनच जळायचं. शेखरही हसला. हसावंच लागायचं.

अंबडच्या त्या कारखान्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, प्रेसमधून निघालेले लोखंडी तुकडे तो तपासायचा. ठेकेदाराचा माणूस. दोन वर्षांपासून त्याची तिथली ओळख एकच, बेवडा. आणि गंमत अशी की शेखरने जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता.

त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलेलं: वायरवरचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं नसांवरचं आवरण जातं, मग करंट नीट पोचत नाही. कधी पाय भलतीकडेच पडतो, कधी बोटं बधिर, कधी जीभ जड. उन्हाळ्यात जास्तच. मधे काही महिने माणूस ठणठणीत, त्यामुळे सांगूनही कोणाला पटत नाही. इंजेक्शनं चालू ठेवली तर पाय टिकतील. इंजेक्शनं पगारावर चालू होती.

शेडमध्ये पहिल्यांदा तोल गेला तो एप्रिलातल्या भर दुपारी. त्याच्या आदल्या महिन्यात पॅकिंगच्या नवसाबाईला फिट आली होती. सगळे धावले, कांदा हुंगवला, सुनीलने स्वतःच्या गाडीवर तिला घरी सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने तिला गेटवरूनच परत पाठवलं. मशीनजवळ काही झालं तर जबाबदार कोण? सगळे हळहळले आणि कामाला लागले.

शेखरचा तोल गेल्यावर सुनीलने दंड धरून विचारलं, "दिवसाढवळ्या लावली का रे?" तेव्हा शेखरला नवसाबाई आठवली.

"थोडीशी," तो म्हणाला.

सुनीलने शिवी घातली, लिंबूपाणी मागवलं आणि उरलेली दुपार बसून करायचं काम दिलं. बसून. डॉक्टरांची चिठ्ठी आणली असती तर हाकलला असता. दारूच्या नावावर खुर्ची मिळाली.

त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बापाने त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या दारात महाराजांच्या हातून घालून घेतलेली. शर्टाच्या आत होती म्हणून त्या दिवशी निभावलं. संध्याकाळी पंचवटीतल्या खोलीवर येऊन त्याने ती काढली आणि देवाजवळच्या खिळ्याला अडकवली. ललिता पोळ्या लाटायची थांबली.

"मी काय खरंच पितो का?" तो बायकोला म्हणाला. "माऊलीला माहीत हाय. हे निस्तरलं की परत घालीन."

डॉक्टर म्हणायचे, हा आजार अपंगांच्या कायद्यात आहे, कार्ड काढ. शेखर मान हलवायचा. ठेकेदाराला कायदा मोडायची गरजच पडत नाही. तो फक्त म्हणतो, उद्यापासून येऊ नको.

आणि आता हे मशीन. ते खोटं थोडंच बोलणार? उद्या ते शेखरला कोरडा ठरवणार. परवा पाय भेलकांडला की सुनील विचारणार, पिलेला नाहीस, मग तुला होतं काय? एकदा तरी ते वाजायला हवं होतं; पहिल्या वेळेला नुसती वॉर्निंग होती.

सुट्टी झाल्यावर त्याने झुंबरला गाठलं. झुंबर प्रेसवरचा, अस्सल पिणारा. उद्या सकाळी येताना थोडी घेऊन ये म्हणाल्यावर झुंबरला हसूच आवरेना. येडा का तू, उद्या मशीन हाय. पण दुसऱ्या दिवशी टपरीमागे तो आला, खिशात क्वार्टर घेऊन.

शेखरने बाटली खोकल्याच्या औषधासारखी धरली. डोळे मिटून घोट घेतला. घशात जाळ झाला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. झुंबरचं हसू हळूहळू गेलं.

"शेखऱ्या, तू पहिल्यांदा पितोय."

शेखरने बाहीने डोळे पुसले.

"मग दोन वर्षं काय होतं?"

"आजार हाय. नसांचा."

"बरा होतो?"

"नाय."

झुंबरने बाटली परत मागितली नाही, स्वतः घेतलीही नाही.

"तोंडात फिरवून थुंकू नको," तो म्हणाला. "गीळ. रांगेत नंबर येईपर्यंत तोंडातली उडून जाईल, पोटात गेली तरच मशीन धरतं."

शेखरने गिळली.

गेटवर रांग होती. शेखरने नळीत फुंकर मारली आणि मशीन कोकललं. मागे शिट्ट्या वाजल्या. सुनीलने कपाळावर हात मारला, त्याला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला. वॉर्निंग दिली, पण मायेने दिली.

"तुला रोग थोडाच हाय कुठला? मनावर घे, सुटंल," सुनील म्हणाला. "तुझी जागा कुठं जात नाय. उद्या ये."

शेखरच्या मागे झुंबर होता. मशीन वाजलं नाही. तो मान खाली घालून आत गेला.

शेखर भर सकाळी घरी आला. ललिता भाजीला निघाली होती, पिशवी हातात. तो दारातून आत आला आणि तिला वास आला. तिने पिशवी खाली ठेवली.

"जागा राहिली," तो म्हणाला.

"बरं."

तो देवाजवळ गेला. खिळ्यावरची माळ काढायला दोनदा हात घसरला. बोटांना मणी कळत नव्हते. निघाली तेव्हाही तो आपल्या मुठीकडे बघत राहिला.

"आली ना हातात?" त्याने विचारलं.

"आली," ललिता म्हणाली. तिने त्याची मूठ उघडून माळ घेतली, जुन्या ब्लाउजपीसमध्ये बांधली आणि निर्माल्याच्या पुडीसोबत पिशवीत ठेवली. भाजीबाजारात जाताना वाटेत नदीच पडते.

ती गेल्यावर तो भिंतीला टेकून बसला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं.

ललिता परतली तेव्हा तो झोपला होता. तिने हळूच ते त्याच्या गळ्यातून काढलं. सकाळी शोधायला नको म्हणून, देवाजवळच्या मोकळ्या खिळ्याला अडकवलं.