ओढा मोजलेली साखळी

मित्रांनो, त्या उतारावर ओढा नाही असे नकाशात दिसले असते, तर जमिनीच्या मालकाचे अकरा प्लॉट वाढत होते. मोजणीदाराला कोपऱ्यावरचा एक प्लॉट सवलतीत मिळत होता. त्याच्या बायकोला जन्मात पहिल्यांदा स्वतःचे स्वयंपाकघर मिळत होते, तेही पूर्वेला खिडकी असलेले. ओढ्याच्या वाट्याला मात्र माती येत होती, ट्रक भरभरून. एवढ्या जणांच्या फायद्याच्या आड कोण आले? मोजणीदाराची एक सवय, आणि थोडीफार मी.

मी म्हणजे जमीन मोजायची साखळी. दीडशे कड्या, दोन टोकांना पितळी मुठी, लांबी तीस मीटर. नवी होते तेव्हा माझ्या मुठींत तोंड दिसायचे. मला ओढायला दोन माणसे लागत. पुढची मूठ मोजणीदाराच्या हातात असे. मागची मूठ धरणाऱ्या पन्नाशीच्या गड्याला सगळे ‘मागच्या’ म्हणत. पुढे त्याच्या बायकोनेही तेच नाव उचलले, तेव्हा त्याने तक्रार करणे सोडून दिले.

काट्याकुट्यांतून ओढून ओढून माझ्या कड्या ताणल्या जात आणि मी बोटभर लांबत असे. म्हणून रोज सकाळी कचेरीच्या अंगणातल्या दोन दगडांमध्ये मला धरून पाहत. लांबले असले की मोजणीदार हातोडीने ठोकून मला ताळ्यावर आणी. “थापा मारायला लागली होतीस,” असे म्हणे, पण मायेने. ते दिवस आठवले की अजूनही माझ्या गंजलेल्या कड्या चमकल्यासारख्या वाटतात.

आता त्याची सवय सांगते. तो प्रत्येक जमीन दोनदा मोजत असे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात. त्यानंतरच नकाशावर सही.

उताराच्या मोजणीला आम्ही गेलो तेव्हा ऊन रणरणत होते. ओढा कोरडा ठणठणीत होता. तळाशी गोल गोटे, काठाला आत वाकलेली झाडे. मालक छत्री घेऊन आला.

“साहेब, ओढा ओढा म्हणताय, मग पाणी दाखवा. चूळ भरतो.”

“पावसात या,” मोजणीदार म्हणाला.

“पावसाआधी प्लॉट विकायचेत मला. तुम्ही मागं राहिलात तर गिऱ्हाईक पुढं निघून जाईल.”

“मागं राहायचा पगार मला मिळतो,” मागच्या म्हणाला. “साहेबांना त्याचा भत्ता नाही.”

मालक हसला, पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. मोजणीदाराला विचारण्याआधीच त्याने त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, जागा दाखवून आणली होती. त्यांनी तिथे उभे राहून ओटा कुठे, खिडकी कुठे, हे पावलांनी आखूनही ठेवले होते. माझ्याशिवाय केलेली मोजणी, पण चूक इंचाचीही नसणार. भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचे स्वयंपाकघर मागच्या अंगाला होते. तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागे.

त्या संध्याकाळी मी दाराशी पिशवीत पडून होते. आत बोलणे चालले होते.

“ओढ्यात पाणी नाही म्हणे.”

“आत्ता नाही.”

“आत्ता आपल्यालाही घर नाही,” वहिनी म्हणाल्या. “मालक पाइप घालून वळवतील की पाणी.”

“वळवून कुठं नेतील? खालच्या वस्तीतच ना? तिथंही कोणाची तरी स्वयंपाकघरं आहेत.”

वहिनी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तुम्हाला अडवलं नसतं. पण ठरवून मग सांगताय. आधी विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं.”

मोजणीदार त्यांच्यासमोर बसून तांदूळ निवडू लागला.

पावसात आम्ही पुन्हा गेलो. मागच्या मांडीभर पाण्यातून पलीकडे गेला आणि मला त्यांनी ओढ्यावर आडवे ताणले. उन्हाळ्यात ओढ्याची रुंदी अकरा कड्या भरली होती. आता बेचाळीस! माझ्या खालून गढूळ पाणी फांद्या घेऊन धावत होते. मोजणीदाराने तो आकडा भिजत लिहिला, नकाशात ओढा पूर्ण रुंदीने काढला आणि दोन्ही काठांची झाडे जागेवर ठेवली. मालक दुसरा मोजणीदार शोधायला निघाला होता. पण तोवर गिऱ्हाइकांनीही ते पाणी पाहिले होते. नकाशा तोच राहिला. कोपऱ्यावरच्या प्लॉटचा विषय मात्र मालकाने पुन्हा काढला नाही.

पुढे उजेडाच्या किरणाने मोजणारी यंत्रे आली. मला भंगारात काढले, तेव्हा मोजणीदाराने मला घरी आणले. वहिनींनी माझी कपडे वाळत घालायची दोरी केली. चादरींना गंजाचे डाग पडले की त्या म्हणत, “घरातही हिचं मोजणं चालूच.” मोजणीदार आता नाही. मागच्या कधी आला तर सवयीने माझी मागचीच मूठ हातात धरतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही घरे बांधाल, रस्ते आखाल. त्याआधी ती जमीन पावसात जाऊन पाहा. ओढा, टेकडी, जुनी झाडे आधी नकाशात काढा आणि उरलेल्या जागेत भिंती घाला. आणि त्यापायी घरातल्या कोणाला काही सोडावे लागणार असेल, तर त्याला आधी विचारा.

आता कोणी काय भरले, ते सांगते. मालकाचे अकरा प्लॉट गेले. पण ओढ्याकाठच्या हवेचे गुण गाऊन त्याने उरलेले चढ्या भावाने विकले. मागच्याला सर्दी झाली, ती आठवड्यात गेली. मोजणीदाराला मान मिळाला. खालच्या वस्तीतले एक भांडेही कधी वाहून गेले नाही. ओढ्याची किंमत भरली ती वहिनींनी, अठ्ठावीस वर्षे भरदुपारी दिवा लावून स्वयंपाक करत.