सरस वाळेपर्यंत

मी आरोपीचा पिंजरा. ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? करा. पन्नास वर्षं मी तेच बघत आलोय.

समोर तो चकचकीत उभा आहे ना, तो साक्षीदाराचा पिंजरा. माझा सख्खा धाकटा भाऊ. एकाच सागाच्या ओंडक्यातून, एकाच सुताराच्या हातून आम्ही निघालो. फांद्यांकडचं गाठाळ लाकूड माझ्या वाट्याला आलं आणि बुंध्याचं सरळसोट त्याच्या. माझ्या नशिबाचं मातेरं तिथेच झालं.

त्याच्यात कुणी चढलं की शपथ होते, पाण्याचा पेला येतो. "सावकाश सांगा" म्हणतात. माझ्यात चढलेल्याला कुणी साधं "बस" म्हणत नाही. दर वर्षी धाकट्याला पॉलिश. माझा उजवा कठडा सात वर्षं खुळखुळत होता, तर शिपाई म्हणायचा, "चोरांना कशाला हवेत नखरे?"

जळतो मी धाकट्यावर. उगाच कशाला लपवू?

पण खरं सांगायचं तर मीही त्या शिपायाच्याच माळेतला मणी. माझ्यात आला तो चोर, असंच धरून चालायचो. न्यायाधीशबाई सांगून सांगून थकायच्या, "आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. गुन्हा सिद्ध करायचा तो सरकारी पक्षाने. आरोपी गप्प बसला तरी चालेल." मी मनात म्हणायचो, बाई, तुम्ही लांब बसता. घामाचा वास मला येतो.

मग एक किल्लीवाला आला. कापडाच्या दुकानाचं कुलूप कुणीतरी शिताफीने उघडून गठ्ठे पळवले होते. उजाडताना दुकानदाराला बोळातून पळणारा माणूस ओझरता दिसला. पोलिसांनी किल्लीवाल्याला उचललं, कारण त्याच्याकडे दोनशे किल्ल्या सापडल्या. आता किल्लीवाल्याकडे किल्ल्या नाहीत तर काय भोपळे सापडणार? पण तेव्हा हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

अकरा महिने तो कोठडीत होता. गुन्हा सिद्ध झाला असता तर आणखी काही वर्षं गेली असती. प्रत्येक तारखेला त्याची थोरली बहीण मागच्या बाकावर येऊन बसायची. जाता-येता हळूच म्हणायची, "सरळ उभा राहा रे. वाकलास की अगदी चोरासारखा दिसतोस!"

पाचव्या तारखेला तो सरळ झाला आणि माझा कठडाच त्याच्या हातात आला.

शेवटी एकदाचा मिस्त्री बोलावला. मधल्या सुट्टीत त्याने सांधा खरवडला, सरस भरला आणि दोन्ही हातांनी दाबून उभा राहिला. तेवढ्यात बाई परत आल्या.

"हात सोडता येणार नाही, बाई. अर्धा तास धरावं लागतं. नाहीतर आहेच पुन्हा खुळखुळ."

"मग धरा. पण तोंड बंद."

किल्लीवाल्याला त्याच्या वकीलबाईंच्या मागे बाकावर बसवलं. बहिणीने आणलेला इस्त्रीचा सदरा अंगात. मिस्त्री मात्र माझ्यात मान खाली घालून उभा, दाढी वाढलेली, सदऱ्यावर सरसाचे डाग.

बाहेर थांबलेल्या दुकानदाराचा पुकारा झाला. तो धाकट्यात चढला. शपथ झाली, पाणी झालं.

सरकारी वकिलाने विचारलं, "त्या दिवशी पाहिलेला माणूस इथे आहे का?"

दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट सरळ माझ्याकडे. "हाच तो! हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही."

मिस्त्री दचकला, पण हात काही सोडला नाही. "अहो, मी? मागच्या महिन्यात तुमच्या दुकानाच्या फळ्या कुणी बसवल्या?"

सगळं कोर्ट हसलं. शिपाई तर दाराला टेकून हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

दुकानदार चाचरला. "पण... पण तो पिंजऱ्यात उभा होता ना!"

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. बाईंनी वाचलं, "साक्षीदाराने माणूस ओळखला नाही, पिंजरा ओळखला. नुसत्या किल्ल्यांनी गुन्हा सिद्ध होत नाही. शंका उरली, की तिचा फायदा आरोपीचा." किल्लीवाला सुटला. बहीण मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली.

पन्नास वर्षांत निकालात माझा उल्लेख पहिल्यांदा आला, आणि तो असा. त्या क्षणीच मला कळलं, की माणसं माझ्यात उभ्या असलेल्याला बघतच नव्हती. ती मला बघत होती.

आणि धाकटा? खोटी ओळख त्याच्यात उभं राहून दिली गेली. पॉलिश? पुढच्याच महिन्यात, पुन्हा त्यालाच. माझं पित्त खवळणार नाही तर काय होणार?

जाताना किल्लीवाला माझ्यापाशी थांबला. बहीण म्हणाली, "शिवू नकोस रे त्याला, चल!" त्याने ऐकलं नाही. कारागीर माणूस. कठडा धरून एकदा गदागदा हलवला आणि म्हणाला, "बसलाय घट्ट."

माझ्याशी इतकं नीट कुणीच बोललं नव्हतं.

उद्या दुसरा कुणी येऊन हाच कठडा धरेल. सगळे धाकट्याकडेच बघतात, म्हणून मी जन्मभर जळलो. आता मीच सांगतो, मागच्या बाकावर बसाल तेव्हा माझ्याकडे बघूच नका. माझ्यात जो उभा असेल त्याच्या तोंडाकडे बघा. मला हात असते तर जोडले असते.