प्रार्थनेत हालू नये

सुज्ञ वाचकहो, मी लेखक नव्हे. आठवी उत्तीर्ण, कुरखेडा तालुक्यात हातपंप दुरुस्त करणारा एक सामान्य ख्रिस्ती मनुष्य आहे. माझ्या घाईमुळे जे घडले, ते जसेच्या तसे येथे निवेदन करीत आहे.

"बस ना बाबू, चाय होऊनच राह्यला," गोकुळावहिनी म्हणाल्या.

"नाई वयनी, अजून चार घरं राह्यले."

रविवारची उपासना आटोपल्यावर आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, ही आमच्या मंडळीने माझ्याकडे सोपविलेली सेवा होती. त्या दिवशीचे पहिले घर माझ्या सख्ख्या भावाचेच होते. शालिकरामदादा लकव्याने नऊ महिने खाटेवर पडून होता.

"तू त देवाले बी उभ्या उभ्याच भेटत असशील," दादा जड जिभेने म्हणाला आणि अर्ध्या तोंडाने हसला.

मी डोळे मिटून प्रार्थना आरंभिली. मध्येच दादा काही पुटपुटला. थोड्या वेळाने पुन्हा पुटपुटला. मी आवाज चढविला. आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा दादाचा श्वास थांबलेला होता. वहिनी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, डोळे मिटून तशाच बसलेल्या होत्या.

दफनाच्या वेळी वचन मीच वाचले. मला रडू आले नाही. दुसऱ्या दिवशी एका पंपाचे पाइप वर काढले, वायसर बदलले. पाणी आले. बायका हसल्या. मला काहीच वाटले नाही.

तिसऱ्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. त्या ओसरीत मोहफुलांतील काडीकचरा निवडीत होत्या. मी प्रथमच खाली बसलो.

"आज घरं नाई का?"

"हायेत." मग विचारले, "वयनी, दादा तवा का म्हणत होता?"

"कड फिरवून दे म्हणे. पाठ जळून राह्यली म्हणे. दोन खेपा म्हणला."



"तूच त सांगतलं होतं, प्रार्थनेत हालाचं नाई." त्यांचे हात थांबले. "हालली असती त पाप लागलं असतं का बाबू?"

अशा प्रश्नांना माझ्याजवळ नेहमी एखादे वचन तयार असते. त्या वेळी खिशातील मोबाइल वाजू लागला. प्रार्थनेसाठी दुसऱ्या घरचे चैतूभाऊ वाट पाहत असावेत. मी तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

"नाई वयनी. पाप माहं हाय. म्याबी आयकलं होतं."

"आयकलं होतं?"

"हो. दोन्ही खेपा."

वहिनी उठून आत गेल्या. आता दार लावून घेतील, असे मला वाटले. मी उठलो नाही. बऱ्याच वेळाने त्या दुसरे सूप घेऊन आल्या. त्यात ओंजळभर मोहफुले टाकून त्यांनी ते माझ्यापुढे सरकविले.

"माती झटक, मंग टोपल्यात टाक," एवढेच म्हणाल्या.

मी एकेक फूल उचलून झटकीत राहिलो. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेले, तरी माझे सूप अर्धेच झाले होते.

आपण सावकाश वाचलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
गोपाल बावणे