हेमाचं बोलणं माझ्या पोटात

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गाणार नाही. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री रडते, मोडकी सायकल रडते, शाळेची घंटासुद्धा डोळे पुसते. माझं तसं नाही. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, मधलं बटण पार झिजलंय, पाठीचं झाकण रबराने बांधलंय. असू दे. मला कुणाची कीव नको. माझ्यावर एक आळ आला होता. तो मी तेव्हा मान्य केला नाही आणि आजही करत नाही. तेवढं ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते खोक्यावर छापलेलं होतं, पण ते खोकं उंदरांनी खाल्लं. माझी आठवण सुरू होते ती रत्नागिरीतल्या एका दुकानापासून. साल दोन हजार सात. मी काचेच्या कपाटात उभा होतो आणि एक बाई बोट दाखवून म्हणत होती, "तो नको, त्याच्या बाजूचा. आवाज भरून ठेवतो ना, तो." ती हेमा. काजूच्या कारखान्यात गर सोलायला जायची आणि स्वतःच्या कमाईतून मला घ्यायला आली होती. दुकानदाराने हसत विचारलं, "घरच्या साहेबांना विचारलंत काय वहिनी?" हेमा म्हणाली, "साहेब लोट्याला हायत. त्यांच्याशी बोलायलाच घेत्येय. तुम्ही पिशवी द्या." बाई अशी होती. मला पहिल्या दिवशीच आवडली.

तिचा नवरा विश्राम लोट्याला केमिकलच्या कंपनीत पाळीवर कामाला. कंपनीत फोन न्यायला बंदी, गेटवर जमा करायचा. तो सुटायचा तेव्हा हेमा कारखान्यात, आणि ती मोकळी व्हायची तेव्हा तो पाळीवर. त्यात आमच्या वाडीत रेंज नाही. रेंज हवी तर वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर जायचं, कातळावर ठरलेल्या जागी उभं राहायचं. तिथे कायम पाच-सहा माणसं एकमेकांना पाठ करून ओरडत असायची. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं कुणाशी कुंपणावरून वाजलं, सगळं सड्याला ठाऊक. तिथे नवऱ्याशी दोन शब्द मायेने बोलायचे म्हणजे वाडीला दवंडी.

म्हणून मिस कॉलची रीत. एक वाजला की पाळी सुटली, दोन वाजले की जेवलो. एकदा विश्रामची पाळी लांबली आणि मिस कॉल आलाच नाही. हेमा दिवस मावळेपर्यंत मला मुठीत धरून कातळावर बसून राहिली. शेवटी मी वाजलो तेव्हा ती शेजारच्या जनीला म्हणाली, "जने, हा नव्हता तेव्हा मी कशी जगत होते गो? आधी काळजी महिन्याची असायची, आता तासातासाची झाली." जनी म्हणाली, "मग टाकून दे." हेमा म्हणाली, "आता कसला टाकवतोय!" मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता, खरं सांगतो.

तर मायेचं बोलायचं कसं? हेमाने वाट काढली. तिन्हीसांजेला गाईची धार काढून झाली की ती गोठ्यातच बसायची, मला तोंडाजवळ धरायची आणि विश्रामशी बोलायची. मी ते बोलणं माझ्या कार्डात साठवून ठेवायचो. नखाएवढं कार्ड. ते काढून, कापसात गुंडाळून, काडेपेटीत घालून लोट्याला जाणाऱ्या गाववाल्याच्या हाती द्यायचं. विश्राम आपल्या फोनमध्ये घालून ऐकायचा आणि त्याच कार्डात आपलं बोलणं भरून परत पाठवायचा. काडेपेटी नेणाऱ्याला वाटे, आत देवाचा अंगारा असेल.

काय बोलायची ती? सासूचा गुडघा, गाईचं दूध, फणसाला लागलेली कोवळी कुयरी. पण एकदा ती हळूच म्हणाली, "अहो, ऐकताय ना? तुमचा निळा शर्ट मी धुवायला काढलाच नाय. उशाशी ठेवलाय. हसू नका." मित्रांनो, हे एवढं वाक्य मी तुम्हाला सांगतोय ते हेमाची परवानगी घेऊन. त्याच्या पुढचं काही सांगणार नाही, कितीही विचारा.

मग शिमगा जवळ आला. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, चाकरमानी झाडून सगळे येतात, आणि त्या वर्षी तर प्रत्येकाला फोनमध्ये शिमग्याची गाणी हवी होती. एसटी स्टँडजवळच्या एका टपरीवर गाणी भरून मिळायची. हेमा कारखान्यातून येताना तिथे थांबली, कार्ड काढून दिलं आणि म्हणाली, "चांगली चांगली भरून दे." बस्स. चूक म्हणाल तर एवढीच. जे कार्ड तिची चिठ्ठी होतं, तेच तिने गाण्याचं भांडं म्हणून पुढे केलं. चिठ्ठी कशी आपण पाकिटात घालतो, डिंक लावतो. कार्डाला डिंक नसतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. टपरीवाल्याने कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि आत गाणी घालायच्या आधी आतलं होतं नव्हतं ते सगळं उपसून घेतलं. त्याची ती सवयच होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं घ्यायचं आणि दुसऱ्याला वाटायचं. माझं कार्ड त्याच्या हातात, मी काउंटरवर उघडा पडलेला. ओरडणार कुठून?

आठ-दहा दिवसांनी आम्ही एसटीत होतो. गर्दी होती, हेमा उभी होती. मागच्या बाकावर कुणाच्या तरी खिशातला फोन वाजला. गाणं नाही, बेल नाही. हेमाचा आवाज! "अहो, ऐकताय ना? तुमचा निळा शर्ट..." फोन ज्याचा होता त्याने तो मुद्दाम उशिरा उचलला. मागची सगळी बाकं फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, "ही मेली शर्ट कधी धुणार रे?" त्यांना ठाऊकही नव्हतं की ती बाई चार हातांवर उभी आहे. हेमाने वरची दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली. पिशवीत मी होतो.  पुढच्याच थांब्याला ती उतरली आणि भर उन्हात घरापर्यंत चालत आली.

तिला पहिला संशय कुणाचा आला असेल? विश्रामचा! त्यानेच मित्रांना ऐकवलं असणार, खोलीवर हसले असणार. तो शिमग्याला घरी आला तर ही त्याच्याशी बोलेना. पाण्याचा तांब्या ठेवायची नि निघून जायची. तोही फुगलेला, कारण लोट्यालाही ते पोचलं होतं, कुणा गाववाल्याने आवाज ओळखला होता आणि कँटीनमध्ये लोक त्याला "काय रे निळ्या शर्टा" म्हणत होते. दोघंही एकमेकांना चोर समजत एका घरात वावरत होती. हे सगळ्यात वाईट होतं, मित्रांनो. आवाज गेला तो गेलाच, वर दोघांमधला विश्वासही घेऊन गेला.

जनीने गाठ सोडवली. ती धापा टाकत आली, हातात तिचा फोन. "हेमा, वायच बघ गो. माझ्या कार्डात गाण्यांच्या मधीच तुझं बोलणं हाय. आईशप्पथ, मी पुरं नाय ऐकलं." जनीने गाणी कुठून भरली होती? त्याच टपरीवरून. हेमा तो फोन घेऊन ओटीवर बसली, कानाला लावून ऐकलं, आणि मग विश्रामकडे बघून पहिल्यांदा रडली. विश्राम तिच्या शेजारी बसला. "मला वाटलं, तूच कुणाला तरी दिलंस," तो म्हणाला. "मलाही तेच वाटलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं टपरीवर गेली. टपरीवाल्याने दात काढले. "ओ वहिनी, एवढं काय त्यात! घ्या, काढून टाकलं. झालं समाधान?" त्याच्याकडचं काढलं, पण वाटलेलं कसं गोळा करायचं?

घरी आल्यावर सासूने, काशीआईने, माझ्यावर तोफ डागली. "जल्लं ते डबडं! घराची अब्रू गेली त्याच्यापायी. टाक विहिरीत." विश्रामही म्हणाला, "हेमा, विकून टाकू. बोलायचं ते मी घरी आलो की बोलू. विषय संपला." घ्या! चोरी टपरीवाल्याची, हसले बाकावरचे, आणि फाशी कुणाला, तर मला. आणि माझ्याबरोबर हेमाच्या बोलण्याला.

हेमाने मला उचललं आणि पदराला पुसलं. म्हणाली, "आई, अब्रू गेली नाय. चोरी झालीय. चोरी झाली म्हणून कोण घर विहिरीत टाकतं काय? आणि अहो, विषय तुमचा संपला असेल. मी आता गप्प बसले ना, तर जन्मभर माझा आवाज म्हणजे त्यांच्या खिशातलं हसू. मी गप्प नाय बसायची." काशीआई नुसती सुपातले तांदूळ निवडत राहिली.

दोन दिवसांनी पालखी आमच्या अंगणात आली. ढोल, ताशे, वाडीतली झाडून सगळी माणसं, त्यात एसटीतल्या मागच्या बाकावरचे दोघेही, फोन वाजवणारा आणि शर्टावरून बोलणारा. ओटी भरली, नारळ ठेवला. आता गाऱ्हाणं. घरासाठी देवाला हात जोडून मागायचं, ते मानकऱ्याने. आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. मानकरी श्रीपतीकाका पुढे झाले. हेमा म्हणाली, "काका, आज मी घालत्येय."

"अगो, बायका कुठं घालतात गाऱ्हाणं! काय मागायचंय ते मला सांग, मी मागतो."

"काका, माझा आवाज ह्या सगळ्यांनी मला न विचारता ऐकलाय. आता माझ्या तोंडून ऐकू दे."  काका बाजूला सरले नाहीत, पण अडवलंही नाही.

हेमाने हात जोडले.  "बा देवा महाराजा! मी माझ्या घोवाशी बोलले. ते बोलणं चोरीला गेलं."

कुणीच बोलेना. पुरुष पायांकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ओटीवरून खणखणीत आवाज आला, "व्हय महाराजा!" काशीआई! दुखऱ्या गुडघ्यावर, खांबाला धरून उभी होती.

"ते ज्यांनी खिशात घातलं, वाजवलं, हसले, ते ह्याच गावचे हायत."

"व्हय महाराजा!" आता जनी, विश्राम आणि बायकांची अख्खी रांग.

"त्यांच्या आयाबहिणींचं बोलणं कुणी असं वाजवलं, तर त्यांना कसं वाटेल ते त्यांना कळू दे."

"व्हय महाराजा!" या वेळी सगळं अंगण. देवासमोर गाऱ्हाण्याला गप्प राहायची छाती कुणाची? बाकावरच्या दोघांनीही म्हटलं. मी हेमाच्या कमरेला खोचलेला होतो, मला साफ ऐकू आलं.

पालखी पुढे गेली. त्या दोघांतला एक मागे रेंगाळला. फोन पुढे करून म्हणाला, "वहिनी, तूच काढून टाक." हेमाने फोनला हातही लावला नाही. "तू घातलास, तूच काढ. इथंच, आईंच्या समोर." त्याने बटणं दाबून ते काढलं. काशीआई जवळ जाऊन बघत होती, जरी तिला वाचता येत नव्हतं. मग आणखी काहीजण आले. सगळे आले नाहीत. हेमाला ते ठाऊक आहे. अजूनही कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी कार्डात तिचं ते वाक्य असेल, आणि ते परत आणणं आता देवाच्याही हाती नाही. हे मी गोड करून सांगणार नाही.

पण हेमा बोलायची थांबली नाही. आता तिचं कार्ड टपरीवर जात नाही. गाणी ऐकायची तर जनीच्या फोनवर ऐकते, आणि विश्रामने ऐकलं की तो ते बोलणं तिथल्या तिथे पुसून टाकतो. मला दोन वर्षं झाली आणि मी म्हातारा झालो, कारण आमचं आयुष्यच तेवढं. नवा फोन येणार म्हणतात. येऊ दे. कार्ड काढून मला खुशाल फडताळात टाका.

मला जपा असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. मी काय, डबडंच. पण उद्या तुमच्या हाती फोन येईल, आणि त्यात कधीतरी, कुणीतरी पाठवलेला, कुणाचा तरी आवाज येईल. जो तुमच्यासाठी बोललाच नव्हता, अशा माणसाचा. सगळे म्हणतील, "ऐक ना, मजा आहे." तेव्हा मनातल्या मनात त्या माणसाला विचारा, "ऐकू का?" त्या एसटीत हेमाला कुणी विचारलं असतं, तर दांडी घट्ट धरून, मान ताठ करून ती एकच शब्द म्हणाली असती.

"नाय."