म्हणे, माइकच खराब!

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे आणि माणसांविषयी माझं मत मुळीच चांगलं नाही. उभं आयुष्य माणसांच्या तोंडासमोर काढलं. मत चांगलं राहील कसं?

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात पडदा बसवला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. हवा हलली की तो हलतो. माझं कसब एवढंच. मी निवड करत नाही. जे कानी पडतं ते तारेतून पुढे धाडतो.

तरुणपणी मी उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांच्या रेडिओवर होतो. धुक्यात कोणती बोट अडकली, कोणत्या घरी कोण वारलं, उद्या वारा कुठून सुटणार, सारं माझ्यातूनच घरोघर गेलं. निवेदक माझ्यापुढे बसण्याआधी घोटभर पाणी पीत, घसा साफ करून घेत. याला अदब म्हणतात. पुढे नवे माइक आले आणि माझी रवानगी उत्तरेकडच्या एका गावाच्या सभागृहात झाली. इथे माझ्यात फुंकर मारतात. वाळवलेलं मटण चघळत चघळत बोलतात. काम झालं की दोरखंडांच्या कपाटात कोंबतात. मी गप्प राहिलो. मुक्याला रागावून काय मिळतं?

या गावात एक लांबच लांब गाणं आहे, सात भावांना शोधायला एकटीच होडी घेऊन निघालेल्या बहिणीचं. इथली रीत अशी की सगळे हात धरून गोल करतात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. एकजण कडवं म्हणतो, ध्रुवपद सारा गाव उचलतो. वाद्य नसतंच. लाकडी जमिनीवर पावलं वाजतात, तेवढं पुरतं.

*वल्हव दादा, हळू वल्हव,
लाटेच्या कुशीत लाट निजली हो.*

गाण्याची कडवी बहात्तर. गावाला तिसापुढे येत नव्हती. पुढची सगळी एकट्या सुन्नुवाला येत होती. आणि एक्याऐंशी वर्षांची सुन्नुवा कोपनहेगनच्या इस्पितळात होती. मंगळवारी तिच्या घशाचं ऑपरेशन. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून त्याआधीच्या रविवारी चर्च सुटल्यावर गाव सभागृहात जमला. दान्याल मास्तरांनी कॉम्प्युटर मांडला. पडद्यावर उशीला टेकलेली सुन्नुवा आली. तिचं गाणं आणि गावाचं ध्रुवपद, दोन्ही कॉम्प्युटर रेकॉर्ड करून जपून ठेवणार होता. सर्वांना ऐकू यावं म्हणून मास्तरांनी भला मोठा स्पीकर लावला, आणि मला कुठे ठेवलं? त्याच्यापुढे वीतभर अंतरावर! शिकलेला माणूस हो!

सुन्नुवाने पहिलं कडवं उचललं आणि दुसऱ्या ओळीला अडखळली.

"कोण गं ते माझ्यामागून गातंय?" ती म्हणाली. "माझाच आवाज मागून येतोय. मला पुढचं सुचत नाही."

"माइकच खराब आहे," मास्तर म्हणाले. "जुनं धूड ते."

ऐकलंत? तिचा आवाज स्पीकरमधून येत होता, तो मी इमानाने उचलत होतो आणि तिलाच परत पाठवत होतो. चूक कुणाची आणि खापर कुणाच्या डोक्यावर!

मग शहाण्यांचा बाजार भरला. कुणी म्हणालं, खोली घुमते. लगेच घरोघरून मेंढ्यांची कातडी आली, भिंतींवर ठोकली गेली. मग माझ्या डोक्यावर लोकरीचा मोजा चढवला. धुतलेलाही नव्हता. मास्तरांनी स्पीकरचा आवाज आणखी वाढवला. प्रत्येक वेळी सुन्नुवा पहिल्यापासून गायची, अडखळायची, खोकायची. प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा झिजून परत यायचा. आणि तो तिच्याकडे परत नेणारा मी होतो.

शेवटी कुणीतरी मलाच बंद केलं. आवाज फिरून जायचा थांबला. पण तीन कडव्यांनी ती पुन्हा थबकली, असं मला मागाहून कळलं. "तुम्ही आहात ना रे तिथे? ध्रुवपद ऐकू आलं नाही तर पुढचं कडवं मला कुठून येणार?"

मला पुन्हा चालू केलं तेव्हा मार्युन बोलत होती. मार्युन मासळीच्या कारखान्यात मासे कापते. "बाजूला व्हा सगळे. मावशीचा आवाज स्पीकरातून निघतो, माइकमध्ये शिरतो आणि परत मावशीकडेच जातो. स्पीकर बंद करा. हे माझे कामावरचे बिनतारी हेडफोन. एकाने घाला."

"एकाने?" सुन्नुवाचा धाकटा भाऊ हानुस उसळला. गावात गोल तोच चालवतो. "आणि बाकीच्यांनी काय, मुक्याने नाचायचं? बापजाद्यांपासून सगळे ऐकतात म्हणून गोल चालतो. कानाला वाट्या लावून नाचायला मी काय कारखान्यातली बाई आहे?"

"नाहीस ना! कारखान्यातल्या बाईला अक्कल असते," मार्युन म्हणाली. "बाकीचे हात धरतील. तुझं पाऊल पडेल तसं आमचं. कडवं संपलं की तू ध्रुवपद उचल, आम्ही आहोतच. गाणं नंतर कॉम्प्युटरवर ऐकू."

हानुस तरी हटेना. तेव्हा स्पीकरातून सुन्नुवा बोलली, अगदी हळू.

"हानुस, माझ्याजवळ आता एवढाच आवाज उरलाय. तो परत परत माझ्याकडेच धाडू नकोस. तू घे."

मग हेडफोन चढवल्याचा खट् आवाज आला आणि स्पीकर बंद झाला.

मित्रांनो, त्यानंतरचं गाणं मी ऐकलं नाही. मला ऐकू येत होती फक्त पावलं, दोन इकडे, एक तिकडे. मधूनच हानुसचा घोगरा आवाज वर येई आणि साठ माणसं त्याच्यामागून ध्रुवपद उचलत. तेवढंच मी सुन्नुवाकडे धाडलं. साठाव्या कडव्याच्या सुमारास हानुसचा आवाज मध्येच तुटला. तिकडे ती काय गायली होती कोण जाणे. गोलातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी सर्वांनी ध्रुवपद उचलून धरलं, सांडू दिलं नाही. माणसांविषयीचा माझा तिरस्कार मी त्या ओळीपुरता बाजूला ठेवला. त्या ओळीपुरताच.

बहात्तर झाली. पावलं थांबली.

"अरे, पुढे काय झालं?" सगळे एकदम हानुसवर तुटून पडले. "पोचली का ती? भाऊ सापडले का?"

"बसा खाली," हानुस नाक ओढत म्हणाला. "कॉम्प्युटरवर तिच्याच तोंडून ऐका. मी सांगणार नाही."

"आधी माइक बंद," मार्युन म्हणाली, "मग स्पीकर." आणि तिने माझी कळ दाबली.

सुन्नुवा परत आलीय. आता ती कुजबुजते, तेवढंच. तिच्या गाण्याचा शेवट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मला मात्र ती बहीण पोचली की बुडाली, अजून माहीत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला माझी दया आलीच, तर मला कपाटातून काढा, चालू करा, जवळ या आणि तेवढं सांगा. फुंकर मारू नका. आणि देवासाठी, आधी तो स्पीकर बंद करा.